साहेबांनी धरलेली काठी

काठी वाकलेली नव्हती. वाकलेली आहे, असं मी सांगितलं. एवढं आधीच लिहून टाकतो. नाहीतर लिहिता लिहिता मी स्वतःला सावरून घेईन. तेवढा मी स्वतःला ओळखतो.

नागूमामा क्लबच्या पायऱ्यांखाली उभा होता. उन्हात. वहाणा त्याला बाजूला काढून ठेवायला सांगितल्या होत्या. वरच्या पायरीवर आमचे मोठे साहेब. त्यांच्या हातात गोल्फची काठी, सात नंबरची. साहेबांनी आवाज चढवला नाही. दोन पायऱ्या उतरले, काठीचं लोखंडी तोंड नागूमामाच्या हनुवटीखाली लावलं आणि त्याचा चेहरा वर केला. बाजारात जनावराचे दात बघताना करतात तसं.

"बोल. वाकवलीस की नाही?"

"न्हाई साहेब. म्या वाकिवली न्हाई."

साहेबांनी मागं वळून मला विचारलं, "हा खोटं बोलतोय का रे?"

मी वर व्हरांड्यात होतो. सावलीत. हातात कोन मोजायचं यंत्र होतं. मी म्हणालो, "काठी दोन डिग्री वाकलीय, साहेब."

नागूमामानं माझ्याकडं बघितलं. हनुवटीखाली लोखंड होतं, त्यामुळं मान वळवता येत नव्हती. नुसते डोळे वळवले.

साहेबांनी त्याला तिथल्या तिथं कामावरून काढला. वेताच्या खुर्च्यांवर चौघे-पाचजण बसले होते. त्यातला एक म्हणाला, "ह्यांना एकदा मूठ धरायला दिली की संपलं." सगळे हसले. मग मला चहा द्यायला साहेबांनी बेअऱ्याला सांगितलं. बेअऱ्यानं कठड्याच्या कोपऱ्यात पालथा घातलेला कान तुटलेला कप उचलला, त्यात वरून चहा ओतला आणि माझ्यापुढं धरला. तो कप कुणाचा ते मला ठाऊक होतं. नागूमामा रोज त्याच कपातून चहा प्यायचा. तो अजून खाली वहाणा घालत होता.

मी चहा प्यालो. सगळा.

नागूमामा माझ्या आईचा चुलतभाऊ. आमची वस्ती एकच. धर्म बदलून आम्हाला बरीच वर्षं झाली होती, वस्ती मात्र तिथंच होती आणि गावाला तिचं जुनं नावच पाठ होतं. सोलापुरात तेव्हा पहाटेपासून गिरण्यांचे भोंगे वाजायचे. पूर्वी कधीतरी एका गिरणीच्या गोऱ्या साहेबांनी गावाबाहेरच्या मुरमाड माळावर गोल्फचं मैदान केलं होतं. गोरे गेले, मैदान राहिलं. त्यावर गवत नव्हतंच. प्रत्येक भोकाभोवती तेल शिंपडून दाबलेली वाळू, आणि मधे सगळा मुरूम आणि कुसळं. नागूमामा तिथं पिशवी उचलायचा. काथ्याच्या चटईचा एक तुकडा त्याच्या खांद्यावर असायचा. साहेबांचा चेंडू जिथं पडेल तिथं तो तुकडा अंथरायचा, त्यावर चेंडू ठेवायचा आणि बाजूला व्हायचं. पिशवीतून काठी काढायची ती लोखंडाकडून धरून. मुठीचं चामडं साहेबांच्या हाताशी जाईल अशी पुढं करायची. मुठीला पिशवी उचलणाऱ्यानं हात लावायचा नाही. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. तरी सगळे पाळायचे.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी आयटीआय करून घरी बसलो होतो. नागूमामानंच एका भोकाकडून दुसऱ्या भोकाकडं चालता चालता साहेबांच्या कानावर घातलं, "भाचा शिकलाय साहेब माजा. कुटंतरी चिटकवा की." साहेबांचा शेतीच्या इंजिनांचे भाग बनवण्याचा कारखाना होता. मी तिथं लागलो. वर्षभरात इन्स्पेक्शनला गेलो. इन्स्पेक्शनची खोली काचेची होती. तयार झालेला भाग माझ्यापुढं यायचा, मी तो ड्रॉइंगशी ताडून बघायचा आणि पास की नापास ते ठरवायचं. आमच्या वस्तीतला काचेच्या आत बसणारा मी पहिलाच. बाहेरून लोक बघायचे. आत माझ्याशी कुणी फारसं बोलायचं नाही. मला वाटायचं, मान मिळाला की असंच होत असेल.

त्या शनिवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. परदेशातून त्यांनी काठ्यांचा नवा सेट मागवला होता. सेटबरोबर बनवणाऱ्या कारखान्याचा छापील कागद आला होता. त्यावर प्रत्येक काठीची लांबी, वजन, तोंडाचा उतार आणि दांडा जमिनीशी किती अंशात असावा तो कोन दिलेला.

"सात नंबरनं मारलं की चेंडू डावीकडं जातो," साहेब म्हणाले. "नागू माझ्यामागं चोरून खेळतो. त्यानंच दगडावर आपटून वाकवली असणार. उद्या मैदानावर ये. तू मोजून सांगायचं."

नागूमामाचं नाव ऐकून मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "येतो साहेब." घरी गेलो आणि यंत्र पॉलिशच्या फडक्यानं पुसत बसलो. इस्त्री केलेला शर्ट काढून ठेवला. साहेबांना माझ्या हातातलं कसब कळलं, असं वाटत होतं.

आता चूक सांगतो. काठीचा तळ सपाट नसतो. होडीच्या बुडासारखा गोलसर असतो. दांडा जरा वर धरला की काठी टोकाकडं कलंडते, खाली धरला की टाचेकडं. काठी मोजायची तर तिच्या तोंडावरच्या आडव्या रेघा टेबलाशी समांतर येतील अशी ती शिकंज्यात आवळायची, आणि मग कोन घ्यायचा. काठी मी जन्मात पहिल्यांदाच बघत होतो. पण वस्तू कुठलीही असो, ती कुणाच्या हातात असताना मोजायची नाही, हे मला ठाऊक होतं. आमच्या कामात ते पहिल्या महिन्यात कान पिळून शिकवतात. दुसरं शिकवतात, संशयाच्या नगाबरोबर त्याच घाण्यात, म्हणजे एकाच वेळी तयार झालेला चांगला नगही मोजून बघायचा.

टेबलावर काठी ठेवताना साहेब म्हणाले, "थांब, मी धरतो." त्यांनी मूठ धरली. खेळताना धरत तशीच, हात उंच. मी यंत्र लावलं. कागदावर बासष्ट अंश होते. यंत्रात चौसष्ट आले.

"साहेब, हात काढा." एवढे तीन शब्द होते. कारखान्यात कुणालाही मी ते म्हणायचो. फोरमनलासुद्धा. त्या व्हरांड्यात ते माझ्या तोंडातून निघाले नाहीत. साहेबांना हात काढा म्हणायचं? आणि बाकीच्या काठ्या पिशवीतून काढून मोजू का, हेही विचारलं नाही. मोजला तो साहेबांचा हात होता. दोष काठीला दिला. आणि काठीचा दोष नागूमामाच्या अंगावर गेला.

सोमवारी साहेबांनी काठी वर्कशॉपात पाठवली. नरसय्या नावाचा आमचा फिटर होता, शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घरचा. तेलुगू बोलायचा, मराठी आपल्या पद्धतीनं बोलायचा. त्यानं काठी व्हाइसमध्ये धरून विचारलं, "किती रे?"

"दोन डिग्री. खाली."

"खाली तर खाली." त्यानं एका झटक्यात काम केलं. "एवढ्यासाठी माणूस घालवला काय रे तुम्ही?"



वस्तीत मला कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. मी नळावर गेलो की बोलणं थांबायचं. पारावर बसलो की एकेकाला काम आठवायचं. समाजमंदिरात रविवारी सतरंजी अंथरायची, माझ्या दोन्ही बाजूंना ती मोकळी राहायची. नागूमामाला दुसरं काम कुणी दिलं नाही. साहेबाचं सामान मोडणारा म्हणून त्याचं नाव झालं होतं. दसऱ्यानंतर तो मामीला घेऊन श्रीपूरला गेला, साखर कारखान्यावर, एका ऊसतोडीच्या टोळीत. उभा जन्म माळावर चटई अंथरण्यात गेलेला माणूस. त्याला कोयत्याची सवय नव्हती.

तो गेला त्या दिवशी आईनं मला वाढलं आणि समोर बसली.

"त्यानं तुझ्यासाटी साहेबाचं पाय धरलं व्हतं. तू त्याच्यासाटी त्वांडबी उघाडलं न्हाईस."

"आई, मी मोजलं तेच सांगितलं."

"मग मोज आता," आई म्हणाली आणि उठून गेली. त्यानंतर ती माझं ताट झाकून ठेवायला लागली. कामावरून आलो की मी एकटा जेवायचो. भिंतीपलीकडं तिचं शेजारणीशी बोलणं ऐकू यायचं. मी खोकलो की तेही थांबायचं.

पौषात साहेबांनी अख्खी पिशवीच काचेच्या खोलीत पाठवली. पाठोपाठ स्वतः आले. कंपनीनं फसवलंय असं त्यांना वाटत होतं. बाकीच्या काठ्यांनी चेंडू डावीकडं जात होता, आणि सात नंबरनं आता उजवीकडं. "सगळा सेट कागदाशी ताडून बघ. नीट बघ. मी त्यांना लिहिणार आहे."

साहेब निघून गेले. मी दार लावून घेतलं. सागवानी ठोकळ्यात खाच पाडून शिकंजा केला. काठी त्यात बसवून तोंडावरच्या रेघा टेबलाशी समांतर आणल्या, मग आवळली. हात लांब. एकेक काठी मोजत गेलो. तीन नंबर बरोबर. चार बरोबर. पाच, सहा, आठ, नऊ, सगळ्या कागदाप्रमाणं. चेंडू डावीकडं जात होता तो साहेबांच्या हातानं. सात नंबर मी मुद्दाम शेवटी ठेवली होती.

तिच्यात साठ आले. कागदापेक्षा दोन अंश कमी.

मी पुन्हा मोजलं. साठच. नरसय्यानं माझ्या सांगण्यावरून जेवढी वाकवली होती, तेवढीच ती वाकडी होती. म्हणजे त्याआधी बासष्टच होती. सरळ होती. नागूमामाच्या हनुवटीखाली लावली तेव्हाही सरळ होती.

काचेबाहेर लोक ये-जा करत होते. आत मी काठ्या पुढ्यात घेऊन बसलो होतो. ज्याला हे सांगावं असं एकही माणूस मला आठवेना.

मग केबिनमध्ये गेलो. सात नंबर टेबलावर ठेवली.

"साहेब, तेव्हा काठी सरळ होती. आता वाकडी आहे. मी चुकीचं मोजलं होतं."

"बरं. मग पूर्ववत करून आण."

"आणि नागूमामा?"

"कोण?"

"नागू. तुमची पिशवी उचलायचा."

"अच्छा, तो." साहेब आठवून म्हणाले. "त्याचं आता काय? दुसरा ठेवलाय मी."

"त्याच्यावर आळ आला साहेब. माझ्यामुळं."

साहेब हसले. रागानं नाही. समजूत घालावी तसे. "तुझ्यामुळं? अरे, माझ्याकडं तीन इंजिनिअर आहेत. त्यांना सोडून तुला का बोलावलं असेन? आजकाल तुमच्या लोकांना जरा काही बोललं की मोर्चे निघतात. तुमच्यातल्याच शिकलेल्या मुलानं सांगितलं की प्रश्न मिटतो. मिटला की नाही? शहाणा आहेस म्हणून सांगतोय. जा, काठी नीट कर."

 पुसलेलं यंत्र आठवलं. इस्त्रीचा शर्ट आठवला. मला हुशार म्हणून बोलावलं नव्हतं. माझी जात मोजमापाला बोलावली होती. आणि मी धावत गेलो होतो. माझ्याच माणसाला हाणायला ह्यांनी मला हातात धरला होता, लोखंडाकडून नव्हे, मुठीकडून. आणि त्या धरण्याला मी मान समजत होतो.

"मी नाही करणार," मी म्हणालो.

"काय?"

"ह्या काठीला मी हात लावणार नाही. आणि प्रश्न मिटलेला नाही."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदाच नीट बघितलं असावं. मग म्हणाले, "बाहेर जा."

दुसऱ्या दिवसापासून माझी बदली फौंड्रीत झाली. ओतीव भागांच्या कडा घासायच्या. नाकातोंडात काळी भुकटी. काचेच्या खोलीत दुसरा बसला.

सुट्टीच्या दिवशी मी एसटीनं श्रीपूरला गेलो. कारखान्याबाहेर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती. नागूमामा एका गाडीच्या सावलीला बसला होता. हाताला चिंध्या गुंडाळलेल्या. मामी तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करत होती.

"आलं बगा तुमचं सायेब," मामी वर न बघता म्हणाली. "पायघड्या टाका."

"बस," मामा म्हणाला. "काळा पडलास रं. काचंत ऊन यितं काय आता?"

मी बसलो नाही. "मामा, माझं चुकलं. काठी सरळ होती."

"म्हाईत हाय मला."

"तुम्हाला कसं?"

मामानं विडी पेटवली. "खेळलो व्हतो की म्या तिनं. येकडाव. सक्काळच्या पारी, माळावर कुत्रंबी न्हवतं. मूठ धरली अशी दोनी हातानं आन हानला."  त्याचा चेहरा उजळला होता, तसा मी तो कधी पाहिला नव्हता. "सरळ ग्येला रं पोरा. लई सरळ."

"आन सरळ हितं यून पडला," मामी म्हणाली. "उसात."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"त्यानं इचारलं, वाकिवलीस का. न्हाई म्हटलो. खेळलास का, आसं इचारलं आसतं तर व्हय म्हटलो आसतो. त्येला भ्यायचं काय?"

मी खाली वाकलो. पाय धरणार होतो. मामानं पाय मागं ओढून घेतले.

"हितं नगं. हितं कोन हाय ऐकायला? बैलं? जितं बोललास तितं बोल. त्याच पायऱ्यावर, त्याच सायबांम्होरं. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम सपला की यितो म्या सोलापूरला. तवर इचार कर. नोकरी जाईल तुजी."

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसलो होतो. मन हलकं होईल म्हणून गेलो होतो. झालं नाही. मामाचं बरोबर होतं. चार माणसांत घेतलेली अब्रू उसाच्या फडाशेजारी गुपचूप परत देता येत नाही.

घरी आईला सांगितलं. म्हटलं, नोकरी जाईल. ती तांदूळ निवडत होती.

"जाऊ दे. तुजी न्हवतीच ती. त्यानं मागून आनलेली."

त्या रात्रीपासून आईनं ताट झाकून ठेवणं बंद केलं. पण बोलली नाही. वस्तीतही कुणी बोललं नाही. मी मामाची वाट बघत फौंड्रीत कडा घासत राहिलो. त्या दिवसांत माझ्यात एक गोष्ट पक्की झाली. ह्यापुढं कुणी मला वर बोलावलं, तर आधी खाली कोण उभं आहे ते बघायचं. आणि मोजायच्या वस्तूवर मालकाचा हात असेल तर मालकालाच हात काढायला सांगायचं. त्यापायी पुढं मी आणखी दोन ठिकाणांहून निघालो. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते पहिल्या वेळचं. अजून वाटतं.

चैत्र संपता संपता मामा आला. रविवारी धुतलेलं धोतर नेसून माझ्या दारात उभा राहिला. "चल," एवढंच म्हणाला. आम्ही चालत माळावर गेलो. रखवालदार ओळखीचा होता. त्यानं मामाला अडवलं नाही, तोंड दुसरीकडं केलं.

खेळ आटोपून सगळे व्हरांड्यात बसले होते. मोठे साहेबही होते. मामा पायऱ्यांखाली थांबला.

"वर चला मामा," मी म्हणालो.

"म्या न्हाई. तू जा. तू वरनंच बोलला व्हतास."

मी पायऱ्या चढलो. कुणी बोलावलं नव्हतं. बेअरा पुढं झाला, त्याला ओलांडून वर गेलो. साहेब म्हणाले, "काय रे, काय पाहिजे?"

मला त्यांच्याकडून काही नको होतं. मी त्यांच्याकडं पाठ केली आणि मामाकडं तोंड करून उभा राहिलो.

"ए! इकडं तोंड कर. काय चाललंय हे?"

मी वळलो नाही.  मी म्हणालो, "नागूमामा, मोजताना मूठ साहेबांच्या हातात होती. हात काढा म्हणायला मी भ्यालो. खोटं माप सांगितलं. तुम्ही काही मोडलं नव्हतं, काही वाकवलं नव्हतं. मी तुमचा गुन्हेगार आहे. ह्या सगळ्यांसमोर मी तुमची माफी मागतो."

मागं खुर्च्या सरकल्या. कुणीतरी रखवालदाराला हाक मारली.

मामानं कपाळावर हात धरून ऊन अडवलं आणि माझ्या खांद्यावरून व्हरांड्यात बघितलं.

"मागल्यास्नी ऐकू गेलं नसंल," तो म्हणाला. "पुन्यांदा बोल."

मी पुन्हा बोललो. मोठ्यानं. पहिल्यापासून, एकही शब्द न गाळता.